अमृतप्पाची करडिगी

कल्याणी,
१६ ऑगस्ट १९४४

चि. प्राणेश यास अनसूयाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुला मिलिटरी क्रॉस मिळाल्याची बातमी आम्हाला तुझ्याकडून कळली नाही, तहसील कचेरीतल्या पेशकाराकडून कळली. तो हैदराबादचं वर्तमानपत्र घेऊन सायकलवरून आला आणि अप्पांनी त्याच्याकडून त्या चार ओळी तीनदा वाचून घेतल्या. टेकडीवर पायदळाचा अधिकारी पडला, तेव्हा तोफखान्याच्या कॅप्टन प्राणेशनं उरलेली माणसं हाताशी धरली, जपानी चहूबाजूंनी चढून आले तेव्हा आपल्याच तोफांचा मारा आपल्याच ठाण्यावर मागवला आणि टेकडी राखली, असं त्यात आहे. अप्पांना मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नाही, तरी कात्रण उशाशी ठेवून झोपतात. पेढे मी वाटले. आभाळ गडगडलं की तू धान्याच्या कणगीमागं जाऊन बसायचास, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

आता दुसरी गोष्ट. परवा मुडबीहून रेवणप्पा आला होता. अमृतप्पा कामी आल्याची तार त्याला एप्रिलातच मिळाली होती. त्यानंतर प्रथमच आला. ओसरीवर ज्या खांबाला टेकून अमृतप्पा तुझ्याबरोबर पाढे म्हणायचा, तिथेच बसला. पाणी दिलं ते घेतलं. मग म्हणाला, "अक्का, पोरगं गेलं ते गेलं. मला येकच इचारायचंय. बसवून माती दिली का? हातात लिंग होतं का?"

तुला काही नव्यानं सांगायला नको. त्यांच्या लिंगायतांत माणूस गेला की बसवून पुरतात आणि जन्मभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. अमृतप्पाची ती चांदीची करडिगी, लिंग ठेवायची अंड्याएवढी डबी, तू लहानपणापासून पाहिलेली आहेस. विहिरीत पोहतानासुद्धा तो ती काढत नसे, आणि तू त्याला चिडवायचास की या वजनानं एक दिवस बुडशील. रेवणप्पानं अजून मठातल्या अय्यांना बोलावून मागचं कार्य केलेलं नाही. हे कळल्याशिवाय करणार नाही म्हणतो. तू त्याच्याच तोफखान्याच्या बॅटरीतला, तूच त्याला फौजेत नेलंस. दोन ओळी लवकर लिही.

तुझी
अनसूयाअक्का

*

लष्करी टपाल,
९ सप्टेंबर १९४४

ती. अनसूयाअक्कास साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. क्रॉसचं कळवलं नाही याबद्दल रागावू नकोस. असल्या गोष्टी वर्तमानपत्रात जशा लिहितात तशा त्या नसतात.

रेवणप्पांना सांग की अमृतप्पाला गोळी लागली. त्रास झाला नाही. मी जवळच होतो. लढाई थांबल्यावर त्यांच्या रीतीप्रमाणे बसवून, डाव्या हातावर लिंग ठेवून माती दिली. एवढं पुरे होईल. कार्य उरकून घ्या म्हणावं.

इथे पाऊस फार आहे. सगळ्या वस्तूंना बुरशी येते, बुटांना, पट्ट्याला, कागदांना. अप्पांच्या डोळ्यांचं काय ठरलं ते लिही. सत्काराबित्काराचं कुणी काढलं तर मोडून टाक.

तुझा
प्राणेश

*

कल्याणी,
२१ नोव्हेंबर १९४४

चि. प्राणेश यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी बैलगाडीनं मुडबीला जाऊन आले. असला निरोप दुसऱ्याच्या तोंडी पाठवणं मला बरं वाटेना. मी सांगितलं, आणि रेवणप्पा कितीतरी वेळ नुसता मान हलवत राहिला. मग बायकोला हाक मारून म्हणाला, "ऐकलीस का? बसवून दिलं. हातात होतं." ती चुलीपुढून उठली नाही, पण तिनं डोळ्याला पदर लावला. एवढ्या महिन्यांत ती पहिल्यांदा रडली असं शेजारणीनं मला नंतर सांगितलं.

आता एक कबूल करते, हसू नकोस. तुझं पत्र फारच कोरडं होतं, म्हणून मी पदरचं थोडं घातलं. माती लोटताना प्राणेश रडला, आणि करडिगी आधी आपल्या डोळ्यांना लावून मग त्याच्या हातावर ठेवली, असं मी सांगितलं. तू तसंच केलं असशील याची मला खात्री आहे. रेवणप्पा ते आता बाजारात, पारावर, दिसेल त्याला सांगत असतो. चारच दिवसांत अय्यांना बोलावून कार्य केलं, गावजेवण घातलं. तेव्हापासून दर गुरुवारी आमच्याकडे लोण्याचा गोळा येतो. नको म्हटलं तर म्हणतो, "माझ्या लेकराला माती देनारा हात ह्या घरातला हाय."

सत्कार मोडता येणार नाही. तहसीलदारसाहेबांनीच मनावर घेतलंय. तुला रजा मिळेल तेव्हा करू म्हणतात. तू लाजतोस हे मला माहीत आहे, पण अप्पांसाठी तरी ये. चाळीस वर्षं मास्तरकी करून त्या माणसाच्या गळ्यात कुणी हार घातला नाही. तुझ्या निमित्तानं पडेल.

तुझी
अनसूयाअक्का

*

कल्याणी,
२० फेब्रुवारी १९४५

चि. प्राणेश यास अनेक आशीर्वाद.

तू देवळालीला सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. त्यावर सही सोडून काही नव्हतं, म्हणून मीच लिहिते आहे.

सत्काराच्या दिवसाबद्दल गाव अजून बोलतंय. हलगी, बँड, तहसीलदारसाहेबांचं उर्दूतलं भाषण. अप्पांना त्यातलं एक अक्षर चुकीचं वाटलं नाही, हीच मोठी नवलाई. तू मात्र असा उभा होतास की जसं काही वर्गात अंगठे धरायला लावलंय. लोकांना ते नम्रपणाचं वाटलं. मलाही तेव्हा वाटलं.

पण मी तुला पाळण्यात झोके दिलेत, प्राणेश. काही तरी बिनसलंय. रेवणप्पा हार घेऊन पुढं आला तेव्हा तू त्याच्या पाया पडायला वाकलास. त्यानं तुला वर ओढून उराशी धरलं. आणि मग एकदम हात सोडून दोन पावलं मागं सरला. तुझ्या क्रॉसचं टोक लागलं असेल असं मला वाटलं. तू पांढराफटक पडला होतास.

तो जाताना म्हणाला, "सायेब, मुडबीला या." तू हो म्हणालास. त्यानं घर सारवलं, भिंतींना चुना दिला, कौलं चाळली. तीन दिवस तो रस्त्याच्या कडेला चिंचेखाली बसून होता. गाडी दिसली की उठायचा. आणि तू तिसऱ्या दिवशी पहाटे, अप्पांना तार आलीय असं सांगून, हुमनाबादच्या मोटारीत बसलास. तार आली नव्हती. पोस्टमनला मी विचारलं.

या गुरुवारी लोणी आलं नाही. आजवर नको म्हणत होते, आणि न आल्याचं भय वाटलं. काय लपवतोस ते मला सांग.

तुझी
अनसूयाअक्का

*

देवळाली,
११ मार्च १९४५

ती. अनसूयाअक्कास साष्टांग नमस्कार.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

टेकडीवर आम्ही टेहळणीला होतो. तोफा मैलभर मागं. वरून मी शत्रू कुठं आहे ते टेलिफोनवर सांगायचं आणि त्याप्रमाणे त्यांनी डागायचं, एवढंच आमचं काम. माझ्याबरोबर टेलिफोन सांभाळायला अमृतप्पा होता. दोन दिवस आम्ही वेढ्यात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पायदळाचा अधिकारी पडला. उरलेली एकतीस माणसं खंदकातून खंदकात भीतीनं पळत होती. मी त्यांना शिव्या दिल्या, पाणी वाटलं, एकेकाला नावानं बोलावून जागेवर बसवलं. ते खरं आहे. त्याबद्दल क्रॉस दिला तर मी घेतो.

दुपारी टेलिफोनची तार तुटली. चाळीस पावलं खाली, उघड्यावर. तार नाही तर तोफा आंधळ्या आणि आम्ही मेलेले. अमृतप्पा सरपटत जाऊन जोडायला निघाला, आणि अंगरख्यातून करडिगी बाहेर पडली. उन्हात अशी चमकली की लगेच दोन गोळ्या शेजारच्या दगडावर बसल्या. तो परत आत आला. मी म्हणालो, काढून ठेव.

फौजेत हुकूम आम्ही हिंदुस्तानीत देतो. हा मी घरच्या भाषेत दिला. त्याला नाही म्हणता येऊ नये म्हणून दिला, हे मला तेव्हाही कळत होतं. तो म्हणाला, "प्राणेशअण्णा, हे काढलं की मानूस मेल्याबराबर हाय आमच्यात. तुमाला तर ठावं हाय." मी म्हणालो, पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

त्यानं काढली. डोळ्यांना लावली. माझ्या हातात देऊन म्हणाला, "जपा." आणि गेला.

अक्का, फडक्यात गुंडाळ म्हणता आलं असतं. काजळी फास, चिखल लाव, पाठीवर टाक, काहीही म्हणता आलं असतं. हे सगळं मला संध्याकाळी सुचलं. एखाद्या गोऱ्या साहेबानं तसा हुकूम दिला असता तर ते अजाणतेपण झालं असतं. मी कल्याणीचा. आपल्या ओसरीवर तो माझ्याबरोबर वाढला. साऱ्या बॅटरीत त्या डबीचा अर्थ समजणारा अधिकारी मी एकटा होतो आणि मीच ती काढायला लावली.

तार त्यानं जोडली. जोडल्यावर खालूनच सोबतचा टेलिफोन तारेला लावून विचारलं, "लागली का सायेब?" मी लागली म्हणालो, परत ये म्हणालो. तेवढ्यात जपानी त्याच बाजूनं वर चढले. मी डोकं वर काढून पाहिलं. तो उघड्यावर होता, चाळीसातली बारा-पंधरा पावलं आला होता. त्याच्या मागं ते. मी माणसांना खंदकात डोकी घालायला सांगितलं आणि त्यानंच जोडलेल्या तारेवरून तोफांना आमच्याच टेकडीचा नकाशावरचा आकडा सांगितला. दोन मिनिटं थांबलो असतो तर आधी तो आत आला असता की ते, हे मला आजही सांगता येत नाही. एकतीस माणसं वाचली. त्यांच्यापैकी कुणी मला दोष देत नाही. दोष देणारा तिथं नाही.

मारा तीनदा मागवावा लागला. नंतर मी तिथं गेलो. बसवून माती द्यायला काही उरलेलं नव्हतं, अक्का.

करडिगी माझ्याकडे आहे. वर्षभर डाव्या खिशात आहे. पेटीत ठेवली तर बुरशी येईल म्हणून खिशात ठेवली, मग खिशातून काढवेना. सत्काराच्या दिवशीही होती. त्या दिवशी सर्वांसमोर ती रेवणप्पांच्या हातावर ठेवायची असं ठरवूनच मी आलो होतो. मग हलगी सुरू झाली, अप्पांच्या गळ्यात कुणी तरी हार घातला, आणि अप्पा रडायला लागले. माझा हात खिशावरून खाली गेला. मुडबीला जाऊ, एकांतात सांगू असं म्हणालो. पहाटे मोटारीत बसलो तेव्हा कळलं की मी जाणारच नव्हतो.

इथे तोफखान्याच्या शाळेत मला हीच लढाई शिकवायला लावतात. फळ्यावर मी खडूनं टेकडी काढतो, तार काढतो, तुटल्याची खूण करतो. परवा एका पोरसवदा लेफ्टनंटनं विचारलं, मारा मागवला तेव्हा आपलं कुणी उघड्यावर होतं का? मी नाही म्हणालो आणि फळा पुसला.

मला लाज वाटते. दुसरा शब्द सापडत नाही. तू रेवणप्पांना सांग किंवा सांगू नकोस. तू ठरवशील ते मला मान्य आहे.

तुझा
प्राणेश

*

कल्याणी,
८ एप्रिल १९४५

चि. प्राणेश यास आशीर्वाद.

तुझं पत्र अप्पांना वाचून दाखवलं नाही. त्यांच्या मोतीबिंदूचं पहिल्यांदाच बरं वाटलं. वर्गातल्या हुशारीचं लिहिलंयस एवढंच सांगितलं. आता मीही खोटं बोलायला सरावले.

तुझ्यावर रागवायला बसले आणि माझंच मला आठवलं. डोळ्यांना लावून मग हातावर ठेवली, हे मी रचलं होतं. डोळ्यांना लावली ती त्यानं, आणि काढताना. माझ्या थापेवर त्या बाईनं रडून घेतलं. गावजेवण झालं. वर मी चार-पाच महिने त्यांचं लोणी खाल्लं. तू तर लढाईत होतास, तुझ्या बाजूनं काही तरी म्हणता येईल. मी आपल्या ओसरीवर होते. माझ्यावर कुणी चालून आलं नव्हतं. भावाचं मोठेपण आणखी थोडं मोठं दिसावं, एवढ्यासाठीच मी ते केलं.

"तू ठरवशील ते मान्य" असं तू लिहिलंस, त्याचा मात्र मला खरंच राग आला. पहिला निरोप माझ्या तोंडून, दुसराही माझ्याच तोंडून? तरीही गेले, कारण तू जाणार नाहीस हे मला कळून चुकलं होतं.

भिंतींना दिलेला चुना अजून तसाच पांढरा आहे. मी पत्र पदरातून काढलं तसा रेवणप्पा म्हणाला, "थांबा अक्का. वाचायच्या आदी मी सांगतो." आणि सांगितलं. त्या दिवशी तुला उराशी धरलं तेव्हा त्याच्या छातीला ती लागली. साठ वर्षं स्वतःच्या छातीवर वागवतोय, त्याला का कळणार नाही? क्रॉस टोचला हे माझंच वेडेपण. मी विचारलं, मग तेव्हाच का बोलला नाहीस? तर म्हणाला, "मास्तर रडायलते. त्यांच्या गळ्यात हार हुता. कसं बोलू?"

घरी आल्यावर त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नाही. तू येशील आणि आपण होऊन देशील, म्हणून चिंचेखाली बसला. तीन दिवस.

मग मी सारं पत्र वाचलं, त्याच्या बायकोलाही बोलावून. एक शब्द गाळला नाही, आणि माझं रचलेलंही सांगून टाकलं. रेवणप्पानं एकच जागा परत वाचायला लावली, अमृतप्पा "जपा" म्हणतो ती. बायको आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. मी निघताना दाराशी थांबून हाक मारली. तिनं ओ दिली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

नंतर रेवणप्पा म्हणाला, मी सांगतो तसं लिवा. तुला एरवी तो साहेब म्हणतो. हे सांगताना तू म्हणाला. मी फिरवलेलं नाही. त्याचं बोलणं खाली उतरवते, आणि त्याखाली त्याचा अंगठा आहे.

"प्राणेशा, तुझ्या अक्कानं समदं वाचून दावलं. तोफा लावल्यास त्याचं मी काय बोलू? येकतीस लेकरं हुती, त्यांला बी आई-बाप हाईत. त्यो हिशेब माझ्याच्यानं हुत न्हाई, तुझ्याच्यानं बी हुनार न्हाई. तू काढ म्हणालास, ते मातर मला लागलं. त्यो तुला अण्णा म्हणायचा म्हणून त्यानं काढली. दुसऱ्याचं ऐकला नसता.

"तीन दिस वाट बगितली. तू कामून आलास न्हाई? मी काय मारनार हुतो तुला? गुरवारी लोनी पाठवलं न्हाई, ते रागानं न्हाई. हात हुईना.

"आमचे अय्या म्हनतील, बामनाच्या अंगावर आमचं लिंग कसं? म्हनू दे. मी बगतो. पर खिशात न्हाई ठेवायचं ते. खिसा तंबाकूला असतो. माझ्या लेकरानं जपा म्हणून दिलंय, तर गळ्यात घाल. उघडं घाल, कपड्याच्या वर, लोकांनी इचारलं पायजे. इचारलं की कुनाचं हाय ते सांग, आन तुझ्याकडं कसं आलं ते बी सांग. फळ्यावर तार काढतोस, तितं त्याला बी काढ.

"मग मुडबीला ये. शेतात जागा खणून ठेवलीय, बसायपुरती. त्येच्यात ठेवायला माझ्याकडं दुसरं काय बी न्हाई. तू आनशील तेच. वाटेत ऊन लागंल, करडिगी चमकंल, लोक बगतील. बगू दे.

"काढू नको."